न पाहिलेल्या लेकराचा शोध: अ‍ॅन्सेस्ट्रीडीएनए किट बापाच्या कितपत कामाचं?

संबंध तुटल्यावर मूल जन्मलं, त्याचं नावही ठाऊक नाही, दत्तक गेलं असेल तर आडनावही बदललेलं. अमेरिकेत किंवा ब्रिटनमध्ये शोध घेणाऱ्या अशा बापाने पहिलं किट अ‍ॅन्सेस्ट्रीडीएनएचं घ्यावं. घरी नळीत लाळ भरून पाठवायची, कंपनी आपला डीएनए तिथे चाचणी केलेल्या इतरांशी ताडून बघते आणि जुळणाऱ्या नातलगांची यादी देते. 2.5 कोटींहून जास्त लोकांची चाचणी इथे झालेली आहे, आणि दुसऱ्या कंपनीची फाइल इथे चढवता येत नाही. इथल्या यादीत यायचं तर इथलीच नळी भरावी लागते.

नळी भरण्याआधी अर्धा तास खाणं, पिणं, सिगारेट, च्युइंगम बंद. लाळ रेषेपर्यंत हवी, वरचा फेस धरायचा नाही. फेसासकट मोजली की नमुना कमी भरतो आणि बाद होऊ शकतो. झाकण घट्ट फिरवलं की निळं द्रव आत उतरतं, मग निदान पाच सेकंद हलवा. टपालात टाकण्याआधी नळीवरचा कोड खात्यात नोंदवा. निकालाला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात. सेटिंगमध्ये जुळण्या दाखवण्याचा पर्याय चालू आहे ना, हे नक्की बघा. तो बंद असला तर मूल यादीत असूनही तुम्ही एकमेकांना दिसणार नाही.

बाप आणि मूल यांच्यात साधारण 3400 ते 3500 सेंटिमॉर्गन (दोघांचा डीएनए किती जुळतो ते मोजायचं एकक) जुळतात, तिथे शंकेला जागा नसते. आकडा 1700च्या आसपास असेल तर नातवंड असू शकतं, पण सावत्र भावंड (आई किंवा बाप एकच असलेलं) किंवा पुतण्या-भाचाही असू शकतो. वय पाहून अंदाज बांधा. त्याखालच्या यादीत महिने घालवू नका. दत्तक गेलेल्या मुलाला आईबाप शोधताना दूरचे नातलग धागा देतात. बापाच्या यादीतली चुलत-मावस मंडळी मात्र त्याच्याच घरची, त्यांच्यातून मुलापर्यंत वाट निघत नाही. मुलाने किंवा त्याच्या मुलाबाळांनी चाचणी केली असेल तरच हे किट कामाचं.

म्हणून कंपनीच्या वर्गणीवर वेगळे पैसे घालू नका. जुळणाऱ्यांची यादी पाहायला आणि निरोप धाडायला ती लागत नाही. त्यापेक्षा आपली कच्ची फाइल (चाचणीतून निघालेली डीएनएची मूळ नोंद) उतरवून जीईडीमॅच आणि फॅमिलीट्रीडीएनए या डीएनए जुळवणाऱ्या दुसऱ्या साइटवर चढवा. मूल कुठल्या यादीत येईल ते सांगता येत नाही, आणि ते काही वर्षांनीही येऊ शकतं. तोवर खातं मिटवू नका, ईमेल चालू ठेवा.

मूल 18 वर्षांखालचं असेल तर किटचा उपयोग जवळपास नाही. तिथे वकीलच गाठावा. हा निकाल कोर्टातही चालत नाही, कारण लाळ नेमकी कोणाची हे कोणी समक्ष पाहिलेलं नसतं.

जुळणी निघालीच तर पहिला निरोप चार ओळींचा ठेवा: आपण कोण, जुळणी काय दिसते, उत्तराची घाई नाही. आईबद्दल तक्रारीचा एक शब्दही नको. खातं दुसरं कोणी सांभाळत असेल तर निरोप आधी त्याच्याच हाती पडतो, आणि मुलाला आपण दत्तक आहोत हे अजून माहीत नसण्याचीही शक्यता असते. तिथे ‘मी तुझा बाप’ असं लिहू नका. जवळची जुळणी दिसते, बोलायला आवडेल, एवढंच लिहा.