बस-ट्रेनसाठी घेतलेला मास्क : पाचपैकी दोन तारे

श्वास सोडायला सोपा म्हणून झडपवाला एन-९५ घेतला आणि तिथेच फसले. प्रवासात मास्कची सक्ती होती तेव्हाची गोष्ट. पहिल्याच दिवशी बसच्या दारात कंडक्टरने बोट दाखवलं, "ताई, हा नाही चालणार." बरोबरच होतं त्याचं. झडप आपण सोडलेली हवा न गाळताच बाहेर टाकते. म्हणजे मी सुरक्षित आणि शेजारचा वाऱ्यावर! पाकिटावर याबद्दल चकार शब्द नव्हता.

मग त्याच कंपनीचा बिनझडपेचा आणला. एन-९५ ने ०.३ मायक्रॉनचे किमान ९५ टक्के कण अडवायला हवेत, युरोपातल्या तशाच एफएफपी-२ मास्कने ९४ टक्के. पण मी आणलेल्याची नाकावरची पट्टी इतकी लेचीपेची, की दुसऱ्या स्टॉपपर्यंत चष्म्यावर धुकं. म्हणजे हवा कडेने निसटतेय, मग गाळणार काय कप्पाळ?

पट्टे डोक्यामागून जातात, कान दुखत नाहीत. दोन तारे त्याचेच.

गच्च भरलेल्या डब्यात मी अजूनही मास्क लावते. दुसऱ्या कंपनीचा.