घडवणारा गुच्छ आणि उजळणारा गुच्छ: मृगातील तेजोमेघ व कृत्तिका

तारकागुच्छ आणि त्याभोवतीचा तेजोमेघ (वायू व धुळीचा उजळ ढग) एकत्र दिसले, म्हणजे त्यांचे नाते सर्वत्र सारखेच असते असे नाही.

मृग नक्षत्रातील तेजोमेघ सुमारे १३५० प्रकाशवर्षे दूर आहे आणि त्याच्या गाभ्यातील ‘ट्रॅपेझियम’ हा गुच्छ जेमतेम दहा लाख वर्षांचा, म्हणजे ताऱ्यांच्या हिशेबात अगदी तान्हा आहे. त्यातील सर्वांत तप्त ताऱ्याचे पृष्ठतापमान ३५,००० अंशांहून अधिक असल्यामुळे त्याचे अतिनील किरण हायड्रोजनच्या अणूंतील इलेक्ट्रॉन सुटे करतात, आणि ते पुन्हा अणूंत सामावताना वायू स्वतःच्या प्रकाशाने उजळतो. त्याच ताऱ्यातून सुटणाऱ्या कणांच्या वेगवान वाऱ्याने जन्ममेघात एक प्रचंड बुडबुडा कोरला आहे. हबल दुर्बिणीने टिपलेल्या बाल-ताऱ्यांभोवतीच्या वायू-धुळीच्या चकत्यांच्या शेपट्या त्या ताऱ्याच्या विरुद्ध दिशेला वळलेल्या आहेत. तेजोमेघ कोण घडवतो याचा इतका बोलका पुरावा क्वचितच मिळतो.

कृत्तिका या तारकागुच्छाचे वय मात्र दहा कोटी वर्षांहून अधिक आहे. त्याचा जन्ममेघ केव्हाच विरून गेला असून, आज दिसणारी निळसर आभा वाटेत भेटलेल्या परक्या मेघातील धुळीची आहे. तेथील तारे हायड्रोजनचे इलेक्ट्रॉन सुटे करून तो उजळवण्याइतके तप्त नाहीत. धूळ केवळ त्यांचा प्रकाश विखुरते, आणि १९१२ मध्ये अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ व्हेस्टो स्लायफर यांना या आभेचा वर्णपट ताऱ्यांच्या वर्णपटासारखाच आढळला तो त्यामुळेच. तरीही प्रकाशाचा दाब धुळीला हळूहळू रेटत राहतो.

तेजोमेघाची घडण अभ्यासायची असेल, तर माझ्या मते मृगाकडेच आधी वळावे.