ग्रीन कार्ड रिन्यू करायचं की सरळ सिटीझन व्हायचं?

अमेरिकेत ग्रीन कार्डवर असलेल्या आपल्या लोकांत हा विषय निघाला की लगेच दोन पार्ट्या पडतात, एक म्हणते अहो घेऊन टाका, काय फरक पडतोय, आणि दुसरी म्हणते भारताचा पासपोर्ट सोडायचा म्हणजे काय, गावच्या जमिनीचं काय होणार. कार्डाची १० वर्षं संपत आली की मात्र टाळता येत नाही, कारण तेव्हा काहीतरी भरायचंच असतं, एक तर रिन्यूअलचा आय-९० नाहीतर सिटीझनशिपचा एन-४००. माझं मत आधीच सांगून टाकते. पुढेमागे भारतात जाऊन राहू असं ज्यांच्या मनात असतं तेच लोक ग्रीन कार्ड घट्ट धरून बसतात, आणि सिटीझनशिपची गरज खरं तर त्यांनाच जास्त असते.

कसं ते बघा. ग्रीन कार्ड म्हणजे अमेरिकेत राहायची परवानगी, आणि राहायची म्हणजे खरोखर राहायची. भारतात ६ महिन्यांच्या वर थांबलात की परत येताना एअरपोर्टवर प्रश्न सुरू, वर्ष किंवा त्याहून जास्त झालं की नुसत्या कार्डावर परत येणं अवघड, आणि रीएन्ट्री परमिट काढायचं म्हटलं तर तेही जास्तीत जास्त २ वर्षांचं आणि त्याचा अर्ज अमेरिकेत असतानाच करून जावं लागतं. म्हणजे आईवडलांचं दुखणं निघालं, नीट थांबून बघायला हवंय, तर तिथे बसून कॅलेंडर मोजत राहायचं. याउलट अमेरिकन पासपोर्ट आणि सोबत ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणारा आयुष्यभराचा व्हिसा) असलं की भारतात २ वर्षं राहा नाहीतर १५ वर्षं राहा, पोलीस किंवा एफआरआरओकडे (परदेशी लोकांची नोंदणी करणारं ऑफिस) नोंदणी नाही, आणि नातवंडांची आठवण आली की तिकीट काढून परत या. कोणी विचारत नाही.

टॅक्सच्या बाबतीत लोकांचा फार गोंधळ असतो. सिटीझन झालं की भारतातल्या उत्पन्नावर अमेरिकेत टॅक्स लागेल अशी भीती घालणारे खूप आहेत, अहो तो ग्रीन कार्डवर पण लागतोच, जगभरातलं उत्पन्न दोघांनाही दाखवावं लागतं, भारतातल्या खात्यांची एकूण रक्कम वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली की एफबीएआर, म्हणजे परदेशी खात्यांची माहिती देणारा फॉर्म, दोघांनाही भरावा लागतो. अमेरिकेत राहत असाल तोपर्यंत यात काडीचाही फरक नाही. फरक पडतो तो कायमचं निघून गेल्यावर. सिटीझनला पुण्यात बसूनसुद्धा दरवर्षी अमेरिकेचं रिटर्न भरावं लागतं, ते आयुष्यभर, आणि भारतातले म्युच्युअल फंड असतील तर त्या रिटर्नमध्ये चांगलीच डोकेदुखी होते. ग्रीन कार्ड मात्र रीतसर परत करून मोकळं होता येतं. पण त्यालाही मेख आहे, शेवटच्या १५ पैकी ८ वर्षांत कार्ड तुमच्याकडे असेल तर परत करताना एक्झिट टॅक्सचे, म्हणजे अमेरिका सोडताना मालमत्तेवर लागणाऱ्या कराचे, नियम बघावे लागतात, आणि नेटवर्थ २० लाख डॉलर किंवा त्याच्या वर असेल तर ते लागू होतातच. त्यामुळे ज्यांचं पक्कं ठरलंय की परत जायचं आणि पुन्हा इकडे यायचं नाही, आणि ८ वर्षं अजून व्हायचीयेत, त्यांनी सिटीझनशिपच्या फंदात पडू नये असं माझं स्पष्ट मत आहे. बाकीच्यांसाठी हा मुद्दा वाटतो तेवढा मोठा नाही.

आता सातबारा. सिटीझनशिप घेतली की वडिलोपार्जित शेतीवरचं नाव जातं हे मी इतक्यांदा ऐकलंय की बस. फेमाच्या (भारताचा परकीय चलन कायदा) नियमांत शेतजमीन, फार्महाऊस आणि प्लांटेशन विकत घ्यायला एनआरआयला जशी बंदी आहे तशीच ओसीआयला, म्हणजे ग्रीन कार्डवर राहून भारतीय पासपोर्ट जपला तरी शेत विकत घेता येणार नाहीच आहे. आणि भारतात राहत असताना तुमच्या नावावर झालेली किंवा वारसाने आलेली जमीन दोघांनाही ठेवता येते. विकायची झाली तर भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकावी लागते, दोघांनाही. वडील शेत बक्षीसपत्राने द्यायचं म्हणत असतील तर थांबवा त्यांना, तसं ते घेता येत नाही, वारसाने आलेलं चालतं. फ्लॅट, दुकान वगैरेला काहीच अडचण नाही.

मग जातं काय? भारताचं नागरिकत्व जातं, पूर्ण. आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाहीच, १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ प्रमाणे परदेशी नागरिकत्व स्वेच्छेने घेतलं की भारताचं आपोआप संपतं, ओसीआय हे नाव सिटीझनसारखं असलं तरी तो एक आयुष्यभराचा व्हिसा आहे. मतदान नाही, निवडणुकीला उभं राहता येत नाही, सरकारी नोकरी सहसा नाही, आणि २०२१ पासून पत्रकारिता, संशोधन, गिर्यारोहण असल्या गोष्टींसाठी वेगळी परवानगी लागते. भारतीय पासपोर्टवर मतदान करता येतं हे खरं, पण त्यासाठी ओव्हरसीज मतदार म्हणून नोंदणी करून स्वतः मतदारसंघात हजर राहावं लागतं, तेवढ्यासाठी विमानाचं तिकीट काढणारे मला तरी फारसे भेटले नाहीत. मनाला लागतं ते वेगळंच, शपथ घेताना आधीच्या देशाची निष्ठा सोडतो असं मोठ्याने म्हणावं लागतं. त्याचं ज्याला खरंच वाईट वाटतं त्याला कुठलाही हिशोब सांगून उपयोग नाही, आणि तसं वाटणं चुकीचं पण नाही.

घरात कोण कोण आहे यावर बराच निर्णय ठरतो. ग्रीन कार्डवर तुम्ही आपला जोडीदार आणि लग्न न झालेली मुलं एवढ्यांनाच स्पॉन्सर करू शकता, म्हणजे त्यांच्या ग्रीन कार्डसाठी अर्ज करू शकता, आईवडलांना नाही. सिटीझन असाल, २१ पूर्ण असाल, तर आईवडलांना करता येतं आणि त्यांना कोट्याची लाईन नसते. भावंडांना पण करता येतं पण भारतातून त्याची लाईन इतकी लांब आहे की त्यावर कुणी लग्नाची बोलणी करू नयेत. आणि मुलगा किंवा मुलगी ग्रीन कार्डवर तुमच्याबरोबर राहत असेल, वय १८ च्या आत असेल, तर आईबाबांपैकी एकजण सिटीझन झाला की मूल आपोआप सिटीझन होतं, वेगळी परीक्षा नाही, एन-४०० नाही. मूल १६-१७ चं असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी हे बघा.

खर्चाचं म्हणाल तर ऑनलाइन आय-९० ४१५ डॉलर, एन-४०० ७१० डॉलर, कागदावर भरलात तर दोन्हीला ५० जास्त. पण रिन्यूअल दर १० वर्षांनी येणार आणि एन-४०० एकदाच, शिवाय एन-४०० भरला की संपलेलं कार्ड त्या रिसीटवर २४ महिने चालतं, त्यामुळे दोन्ही भरायची गरज सहसा पडत नाही. अर्ज ५ वर्षं पूर्ण व्हायच्या ९० दिवस आधी करता येतो, अमेरिकन सिटीझनशी लग्न होऊन एकत्र राहत असाल तर ३ वर्षं. ५ पैकी ३० महिने प्रत्यक्ष अमेरिकेत असायला हवं, तेव्हा जुन्या पासपोर्टवरचे शिक्के बघून सगळ्या ट्रिपा लिहून काढा, कंटाळवाणं काम आहे पण तेच महत्त्वाचं. सिटीझनशिपच्या परीक्षेला, म्हणजे इंग्रजी आणि अमेरिकेचा इतिहास-कारभार यांवरच्या प्रश्नांना, लोक उगाच घाबरतात. २० ऑक्टोबर २०२५ ला किंवा त्यानंतर अर्ज केला असेल तर १२८ प्रश्नांच्या यादीतले २० पर्यंत विचारतात आणि १२ बरोबर यावे लागतात, आधी १० पैकी ६ होते. वय ५५ किंवा त्याहून जास्त आणि ग्रीन कार्डवर १५ वर्षं झाली असतील तर इंग्रजीची परीक्षा माफ, प्रश्न दुभाषा घेऊन मराठीत देता येतात.

ज्यांच्यावर कधी केस झालीये, अटक झालीये, किंवा डीएमव्हीत (ड्रायव्हिंग लायसन्सचं ऑफिस) सिटीझन नसताना घाईघाईत मतदार नोंदणीच्या चौकोनावर टिक केलीये, त्यांनी वकिलाला भेटल्याशिवाय एन-४०० भरू नये. अर्ज नाकारला जाणं एवढ्यावरच ते थांबेल असं नाही, ग्रीन कार्डही अडचणीत येऊ शकतं. अशांना सध्या आय-९० भरतानाही आधी सल्ला घेतलेला बरा.

आणि भारतात जायचं ठरत असेल तर तारखा नीट बघा. शपथेच्या दिवशी ग्रीन कार्ड काढून घेतात, भारतीय पासपोर्ट त्या क्षणापासून चालत नाही, त्यावर प्रवास करणं गुन्हा आहे. मग अमेरिकन पासपोर्ट, मग भारतीय पासपोर्ट सरेंडर केल्याचं सर्टिफिकेट, मग ओसीआय, या सगळ्यात आठवडे जातात, मध्येच जावं लागलं तर व्हिसा काढून जावं लागतं. डिसेंबरात घरी लग्न असेल तर शपथ ऑक्टोबरात नको, एक तर उन्हाळ्यातच उरकून घ्या नाहीतर लग्नाहून आल्यावर.