पांझरेकाठचं धाब्याचं घर की रावेरची केळी?

मावसभाऊ निवृत्त होऊन खान्देशात परत यायचं म्हणतोय. वीस एकर आणि एक घर, एवढीच मागणी. जागा दोन पाहिल्या: एक साक्री तालुक्यात पांझरेकाठी, दुसरी रावेरकडे सातपुड्याच्या पायथ्याशी. घर पाहिलं की माणूस पाघळतो, म्हणून आधी पाण्याचं बोलतो. आमच्याकडे सोयरीक जुळवतानाही पहिला प्रश्न तोच असतो: पानी कितलं शे?

पांझरेचं खोरं म्हणजे फड बागायतीचं. नदीवर बंधारा, त्यातून निघालेला पाट, पाटाखाली फड, म्हणजे अनेकांच्या शेतांचे मोठे गट. ही वहिवाट काही शतकांची. पाणी पाटकरी देतो, राखणीला जागल्या असतो आणि एका फडात सगळ्यांचं पीक एकच. ऊस ठरला की ऊस. 'माझ्या वावरात मी काहीही लावीन' हे इथं चालत नाही. शिवाय खातेदाराचे तुकडे वेगवेगळ्या फडांत विखुरलेले, त्यामुळे फडातली सलग वीस एकर मिळणं कठीणच. दलाल 'सलग बागायत' म्हणाला तर त्यातली बरीच जमीन पाटाच्या वरची कोरडवाहू असणार, असं धरून चाला. वरच्या अंगाला धरणं झाली, विहिरी वाढल्या आणि कित्येक फड मोडकळीला आले. त्या बंधाऱ्याचा पाट अजून वाहतो का, ते भर चैत्रात जाऊन बघावं.

रावेरला ही भानगड नाही. सलग काळी, ठिबक, केळी. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. पण पाणी ट्यूबवेलचं. पायथ्याचा दगडगोट्यांचा थर पाणी मुरवतो खरा, उपसा मात्र त्याहून जास्त, आणि पातळी खोल जातेय. त्यात मे-जूनचं वादळ आलं की घडासकट बाग आडवी. निवृत्त माणसाने ही धाकधूक कशाला घ्यायची?

घरांत तुलनाच नाही. रावेरचा बंगला स्लॅबचा; उन्हाळ्यात रात्री उशिरापर्यंत तापलेला, आणि काळ्या मातीमुळे भिंतीला आताच तडे. साक्रीचं घर जुनं धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं: जाड भिंती, सागाच्या तुळया, वर पांढरी माती. दुपारी आत गारवा. मात्र दर पावसाळ्याआधी धाबं बुजवावं लागतं, आणि ते काम जाणणारी माणसं कमी झालीत. भाऊ इतिहासवेडा, त्याला धुळ्याचं १९२७ चं राजवाडे संशोधन मंडळ जवळ पडेल, हा माझा जरा पक्षपाती मुद्दा.

कायद्याचं थोडक्यात. शेतजमीन घ्यायला आधी शेतकरी असल्याचा दाखला लागतो. कमाल धारणा कोरडवाहूला ५४ एकर, पण सिंचनाची हमी असलेल्या दुपिकी जमिनीला १८ एकरच. दोन्ही तालुक्यांत आदिवासी खातेदारांच्या जमिनी आहेत. त्या परवानगीशिवाय बिगर-आदिवासीला घेता येत नाहीत. सातबाऱ्यावर 'भोगवटादार वर्ग २', म्हणजे विकण्यावर सरकारी बंधन असलेली जमीन, दिसलं तर तिथेच थांबावं.

भावाला मी साक्रीच सांगितलंय, पण वीस एकर नाही. घर, त्याला लागून पाटाच्या वरचं सहा-सात एकर कोरडवाहू, आणि फडात मिळेल तो एखादा तुकडा. इसार देण्याआधी एकदा पाटकऱ्यासोबत चहा घे म्हटलंय. पाळीचं पाणी खरंच किती दिवसांनी येतं, हे तोच सांगेल.