निवृत्तीनंतर पुन्हा वर्गात: कंत्राटी नेमणूक की विद्यांजली?

जिल्हा परिषदेच्या शाळेतून 58व्या वर्षी निवृत्त झालेल्या शिक्षकाला पुन्हा शिकवावेसे वाटले, तर सरकारी शाळेत जाण्याच्या दोन वाटा समोर येतात: मानधनावरची कंत्राटी नेमणूक आणि केंद्र सरकारची विनामोबदला शाळा-स्वयंसेवक योजना, विद्यांजली. खासगी शाळांत तासिका तत्त्वावर शिकवता येते, पण तिथे सगळे त्या संस्थेवर अवलंबून.

कंत्राटी वाटेवर पैसा आहे. जुलै 2023 मध्ये राज्य सरकारने शिक्षक भरती होईपर्यंत रिक्त जागांवर निवृत्त शिक्षक घ्यायचे ठरवले. तेव्हा मानधन महिना 20,000 रुपये आणि वयाची मर्यादा 70 होती. पेन्शनवर ही भर मोठीच. वर्गही पूर्णपणे तुमच्या हाती असतो. मात्र नियमित शिक्षक रुजू झाला की जागा सोडायची.

शिवाय हे दार कधी उघडते, कधी बंद होते. सप्टेंबर 2024 मध्ये कमी पटाच्या शाळांसाठी 15,000 रुपयांवर निवृत्तांना घेण्याचा आदेश निघाला. त्याच महिन्यात तो बदलून डी.एड., बी.एड. झालेल्या बेरोजगारांना संधी दिली गेली आणि फेब्रुवारी 2025 मध्ये ती कंत्राटी योजनाच रद्द झाली. त्यामुळे आधी गटशिक्षणाधिकारी कार्यालयात चालू आदेश पाहा.

माझा खरा आक्षेप वेगळा आहे. 2023 पासून प्राथमिकच्या नव्या शिक्षणसेवकाला, म्हणजे नियमित होण्याआधीच्या शिक्षकाला, तीन वर्षे महिना 16,000 रुपये मिळतात. म्हणजे पेन्शन घेणाऱ्याला 20,000 आणि संसार मांडू पाहणाऱ्याला त्याहून कमी. तेव्हा डी.एड. झालेली मुले चिडली, ते रास्तच होते. ज्या गावात तरुण शिक्षक यायला तयार आहे, तिथली जागा आपण अडवू नये.

एकशिक्षकी शाळेची गोष्ट निराळी. चार इयत्ता एकट्याच्या गळ्यात, त्यात प्रशिक्षण, बैठका, निवडणुकीची कामे. गुरुजी तालुक्याला गेले की शाळा जवळपास बंदच. अशा वाडीवर दुसरा माणूस मिळतच नसेल, तर नेमणूक जरूर घ्या.

विद्यांजलीची सध्याची रचना सप्टेंबर 2021 मध्ये सुरू झाली. पोर्टलवर शाळा आपली गरज नोंदवते, तुम्ही नाव नोंदवून ती निवडता. स्वयंसेवक नियमित शिक्षकाची जागा घेत नाही, म्हणून कुणाचा हक्क जात नाही. नियमित शिक्षकामागे असतो तसा शाळेची ऑनलाइन माहिती भरण्याचा ससेमिरा नाही. तिसरी-चौथीत गेलेली पण अजून अक्षरे जुळवत वाचणारी पाच-सहा मुले घेऊन बसायला ही उत्तम सोय आहे. मोठ्या वर्गात त्यांच्याकडे बघायला शिक्षकाला वेळ मिळत नाही, आणि अनुभवी माणसाचा धीर नेमका इथेच कामी येतो. प्रवासखर्च मात्र तुमचाच. मुख्याध्यापकांना रस नसेल, तर नुसते बसून राहावे लागते. म्हणून वार, वेळ आणि मुले आधीच ठरवून घ्या.

पेन्शनवर घर चालत असेल, तर मी विद्यांजलीच सुचवेन. पैशांची गरज असेल, तर नेमणूक घेण्यात कमीपणा नाही. फक्त मुदत लेखी घ्या आणि मानधन वेळेवर जमा होते का, हे तालुक्यात असे काम केलेल्या शिक्षकाला आधी विचारा.