वांद्रे टर्मिनसजवळची डॉर्मेटरी, तीन रात्री (५ पैकी ४ तारे)

मी फौजी आहे. रँक, युनिट, ठिकाण इथं लिहिणार नाही, ते चालत नाही. गाव कोरेगाव तालुक्यात, नोकरी जम्मूच्या पुढं, एवढं पुरे. छुट्टीवर येता-जाता या डॉर्मेटरीत सात-आठ वेळा पाठ टेकली असेल, पण एका रात्रीच्या वर कधी राहिलो नव्हतो. ऑगस्ट २०२५ मध्ये सलग तीन रात्री काढल्या आणि मग जागा खरी कळली.

२७ ऑगस्टला, बुधवारी, गणपती बसले. सकाळची आरती केली आणि सॅक उचलली. दुसऱ्या दिवशीची जम्मूची गाडी होती. तिकडं आदल्याच दिवशी जम्मूत प्रचंड पाऊस झालेला, तवीला पूर, एका पुलाजवळचा रस्ता खचलेला. बस वाशीच्या खाडीपुलावर होती तेव्हा मेसेज आला: गाडी रद्द.

सिव्हिलवाल्याला गाडी रद्द म्हणजे वैताग आणि रिफंड. आमचा हिशोब वेगळा. वर्षाची ६० दिवसांची ॲन्युअल आणि ३० दिवसांची कॅज्युअल. येताना गाडी अडकली की त्यातलाच दिवस वाटेत सांडतो. जाताना अडकली तर आर्मी ॲक्ट १९५०, कलम ३९. पुरेशा कारणाशिवाय छुट्टी संपल्यावर बाहेर राहिलं की गुन्हा. पुराएवढं कारण पुरेसंच, पण ते कागदावर दिसावं लागतं. कंपनी हवालदार मेजरना फोन लावला. म्हणाले, "घबराओ मत, एमसीओ में हाजिरी दो, फोन चालू रखो." एमसीओ म्हणजे स्टेशनावरचं, फौजींच्या प्रवासाचं बघणारं ऑफिस.

फोन चालू ठेवायचा म्हणजे घरी परत जाता येत नाही. आई फोनवर म्हणाली, "अरे तीन दिवस हायत तर गौरीला ये की माघारी." गाव पावणेतीनशे किलोमीटरवर. जाऊन पोचलो आणि दिल्लीची सीट लागली असा निरोप आला तर काय करू? म्हणून मुंबईत बसायचं. अंगात छुट्टी नाही, पायात ड्यूटी नाही.

अशा माणसाला कोण खोली देणार? त्या रात्री आधी आणखी दोन लॉजवर विचारलं. एकानं तीन दिवसांचं भाडं आगाऊ मागितलं, दुसऱ्याचं चेकआउट सकाळी १० ला, मग तुम्ही पहाटे आलात तरी. "कधी निघणार?" याला माझं उत्तर "माहीत नाही" असलं की समोरच्याचा चेहरा बघण्यासारखा होतो.

इथले मॅनेजर काका कणकवलीकडचे. त्यांनी विचारलंच नाही. रजिस्टरमध्ये नाव, पत्ता, ओळखपत्राचा नंबर पेनानं लिहिला आणि 'प्रस्थान' या रकान्यात पेन्सिलीनं २८. दुसऱ्या दिवशी खोडून २९. तिसऱ्या दिवशी ३०. खोडून खोडून त्या चौकोनातला कागद इतका झिरझिरीत झाला होता की मागच्या पानावरची अक्षरं दिसायला लागली. भाडं बारा तासांच्या पाळीवर, ३५० रुपये पाळी, आगाऊ काही नाही. मला या एका गोष्टीसाठीच चार तारे द्यायचे आहेत.

बाकी जागा साधीच. सोळा खाटा, वर-खाली. चादर धुतलेली, उशी मात्र दगड. ढेकूण नाहीत (हे मी टॉर्च मारून बघितलंय, ट्रान्झिट कॅम्पची सवय). बाथरूमचा नळ रात्रभर टपटपतो. लॉकर म्हणजे चेष्टा आहे, त्यात बूटसुद्धा नीट बसत नाहीत. मोठी सॅक खाटेखाली ठेवायची आणि पट्टा पायाला बांधून झोपायचं. त्या दिवसांत टॉवेल एकदाही बदलला नाही, कारण निम्मा स्टाफ गणपतीला कोकणात. काकांना स्वतःला रजा नव्हती. "मालकांना म्हटलं, तुम्ही सगळे जा, कोणीतरी गल्ला सांभाळायला पाहिजे." बोलताना हसत होते. मला ते हसणं ओळखीचं वाटलं.

गुरुवारी ऋषिपंचमी. काकांची बहीण गव्हर्नमेंट कॉलनीत राहते, तिनं ऋषीच्या भाजीचा डबा पाठवला. अळू, मका, सुरण, लाल माठ, बिनतेलाची. काकांनी तो डबा काउंटरवरच उघडला आणि आम्हाला हाक मारली. आम्हाला म्हणजे मला आणि वरच्या खाटेवरच्या चंदगडकडच्या पोराला. ट्रेनिंग संपून त्याची पहिलीच छुट्टी, त्याचीही गाडी रद्द. सकाळपासून त्यानं काही खाल्लं नव्हतं. "उस्ताद, माझं आता कोर्ट मार्शल होईल का?" म्हटलं, आधी जेव. मग त्याच्या मोबाईलवरचा रद्दचा मेसेज, तिकीट आणि छुट्टीचा कागद, तिन्हींच्या झेरॉक्स काढायला लावल्या.

शुक्रवारी दोघं हार्बरनं सीएसएमटीला गेलो. तो २९ ऑगस्ट, आझाद मैदानावर मनोज जरांगे यांच्या उपोषणाचा पहिला दिवस. स्टेशनात पाय ठेवायला जागा नाही, वरून पाऊस. आमच्या भागातल्या गाड्यांनी आलेली माणसं फलाटावर भाकरी सोडून बसलेली. एकानं "कोरेगावचा का?" म्हणत ठेचा-भाकरी हातावर ठेवली. एमसीओत हाजिरी लागली, कागदावर शिक्का बसला आणि शनिवारी संध्याकाळची मुंबई सेंट्रलहून दिल्लीपर्यंतची सीट मिळाली. पोरानं तो शिक्का तीनदा उलटसुलट करून बघितला.

जाण्या-येण्याचं सांगायचं तर खार स्टेशनवरून थेट टर्मिनसवर येणारा पादचारी पूल २०२२ मध्ये झाला, तोच धरा. वांद्र्याला उतरून सामानासह रिक्षा शोधत बसू नका. दारात चहाची टपरी आहे, पहाटे चारला उघडते. जेवण डॉर्मेटरीत मिळत नाही. खाट नंबर ७ घेऊ नका, पंख्याचा वारा तिथवर पोचत नाही आणि टपटपणारा नळ बरोबर भिंतीपलीकडं आहे.

शनिवारी दुपारी निघायला काउंटरवर आलो तर काकांच्या जागी त्यांचा पुतण्या. काकांना गौरीसाठी एसटीत जागा मिळाली होती, पहाटेच गेले. माझ्या नावाची चिठ्ठी रजिस्टरात खोचून ठेवलेली: "५॥ पाळ्या, १९२५ रु." शेवटची पाळी निम्मीच लावली होती. पुतण्यानं पेन्सिलीतला ३० खोडला नाही, त्याच्यावरूनच पेन फिरवला. शाई फुटून मागच्या पानावर उतरली. पुढं वेळ लिहिली, ३ वाजून १० मिनिटं.