घरची संगती की झूमवरचा बायबल अभ्यास?

आमच्या मंडळीतली, म्हणजे चर्चमधली, एक ताई हल्ली हिंजवडीला नोकरीला आहे, तिने विचारलं, दादा बुधवारच्या घरगुती संगतीला (कुणाच्या तरी घरी जमून प्रार्थना आणि बायबल अभ्यास) येऊ की झूमवरचा ग्रुप धरू? मी दोन्हीकडे बसलोय म्हणून सांगतो.

वेळेचं बघितलं तर झूमच, कारण ट्रॅफिकमधून सातला कुणाच्या घरी पोचायचं म्हणजे अर्धी प्रार्थना सिग्नललाच होते. पण फुकटातलं झूम ४० मिनिटांत बंद पडतं आणि नेमकं तेव्हाच कुणीतरी मन मोकळं करत असतं.

खर्च घरी यजमानाला पडतो. आम्ही शेवटी फक्त चहा असा नियम केला, नाहीतर एकीने भजी तळली की पुढच्या आठवड्याच्या वहिनींना टेन्शन!

अभ्यास मात्र झूमवर जास्त होतो, हे मान्य करायलाच हवं. बायबलातल्या मार्काच्या शुभवर्तमानाचे १६ अध्याय आठवड्याला एक असे चार महिन्यांत संपले, घरी फिलिप्पैकरांस पत्राचे ४ अध्याय तीन महिने चालले, मध्ये कुणाचं आजारपण, कुणाच्या पोराचं लग्न, मग बायबलचं वचन राहतं बाजूला. पण आई अ‍ॅडमिट होती तेव्हा डबा घेऊन आले ते हे घरवालेच, झूमवरून हात जोडलेले इमोजी आले.

शिफ्ट ड्यूटी, लहान बाळ किंवा बायबल क्रमाने वाचायचंय तर झूम. नवीन शहरात माणसं हवीत तर घर. तू रूमवर एकटी राहतेस ना, मग महिन्यातून दोनदा तरी घरी ये.